भामरे सरांचा चुंबक

ज्याचा हेवा वाटतो, त्याचे किस्से लक्षात ठेवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. माझ्याकडे भामरे सरांचे बरेच साठलेत. आमच्या धुळ्याच्या शाळेत आठवी अ चं विज्ञान माझ्याकडे आणि ब चं त्यांच्याकडे. ते बोदवडहून बदलून आले, तोवर माझं बरं चाललं होतं.

*

चुंबकाचा धडा सुरू झाला. माझे पट्टीचुंबक वर्षानुवर्षं पोरांच्या हातून पडून पडून मेले होते, टाचणीसुद्धा धड उचलत नव्हते. भामरे सरांनी जुन्या स्पीकरमधले गोल चुंबक आणले. सारखे ध्रुव समोरासमोर येतील असे ते पेन्सिलीत ओवले. वरचा खालच्याला न टेकता तरंगायला लागला.

मधल्या सुट्टीत माझा वर्ग रिकामा. मी शिपाई नानांना विचारलं, "पोरं कुठे गेली?"

नाना सोनगीरचे, अहिराणी बोलणारे. भामरे सरांच्या वर्गाकडे बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, बठ्ठा पोरे तठे शेतस."

*

मी तात्पुरता चुंबक शिकवला. चुंबकाला खिळा चिकटवला, की खिळाही टाचण्या उचलतो; चुंबक काढला, की टाचण्या गळतात. मुख्याध्यापिका बाई मागच्या बाकावर बसून बघत होत्या. जाताना म्हणाल्या, "छान. तुमचीही पोरं थोडा वेळ भामरे सरांजवळ बसवा. तेवढ्यापुरती तरी चमकतील."

*

मग मी इरेला पेटले. भामरे सरांनी विद्युतचुंबक केला, तर आपण त्यांच्यापेक्षा मोठा करायचा. खिळ्यावर तारेचे भरपूर वेढे, त्यांच्या दुप्पट सेल. चुंबक झाला जबरदस्त, पण तार इतकी तापली की माझं बोट भाजलं.

ओरडणं ऐकून भामरे सरच पाणी घेऊन धावले. पोरांना म्हणाले, "बघा, मॅडमचा चुंबक माझ्यापेक्षा जोरदार आहे."

बोटापेक्षा ते वाक्य जास्त चुरचुरलं.

*

एकदा तपासणीला साहेब आले. माझ्याच वर्गात त्यांनी विचारलं, "चुंबकाचे दोन तुकडे केले तर?"

मनीषा उठली. "सर, दोन्ही तुकड्यांना उत्तर आणि दक्षिण, दोन्ही ध्रुव असतात. एकटा ध्रुव मिळत नाही."

"शाब्बास. कुणी शिकवलं?"

"भामरे सरांनी."

हेच दाखवायला चुंबक बनवलेली दोन करवतीची पाती मी याच वर्गासमोर स्वतःच्या हाताने मोडली होती.

*

आमचे हे फ्रीज आणि एसी दुरुस्त करतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी विज्ञानाचं काही सांगायला लागले, की यांना हमखास जांभई येते. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनाला मी यांना ओढतच नेलं. माझ्या टेबलापाशी "छान आहे" म्हणाले आणि गेले. मी शोधत गेले, तर हे भामरे सरांच्या टेबलाशी उभे. प्रदर्शन आवरेपर्यंत तिथून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून घरी आले, तर दुकान बंद करून हे ओट्यावर बसलेले. हातात तांब्याच्या पाइपाचा तुकडा आणि बोराएवढा चुंबक.

"हा कुठला?"

"भामरे सरांनी दिला. बस इथे. तुला गंमत दाखवतो."

मी बसले. यांनी आधी पाइपात साधा नट सोडला. तो खट्कन खाली पडला. मग चुंबक सोडला. तो येईचना. आरामात, रमतगमत खाली उतरला.

"तांब्याला चुंबक चिकटत नाही," हे मला समजावून सांगायला लागले, "तरी बघ कसा सावकाश येतो."

बावीस वर्षं विज्ञान शिकवणारी मी. माहीत असूनही विचारलं, "हो का? असं का होतं हो?"

यांनी चुंबक पुन्हा एकदा पाइपात सोडून पाहिला. मग म्हणाले, "ते तुला नाही समजायचं. उद्या भामरे सरांना विचार."