दहाव्या सामन्याची पिवळी चिठ्ठी

भूत, चकवा, भास... या तिन्ही गोष्टींना मी आजवर एकाच डब्यात टाकत आलो. मी वाळूजच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे, सव्वीस वर्षं. मायक्रोमीटरनं ज्याचं माप घेता येत नाही त्याला मी नग म्हणत नाही. या सदरातले अनुभव वाचून मी बऱ्याचदा हसलोही आहे. आता स्वतः लिहितोय म्हणून माझा विश्वास बसला असं कुणी समजू नये. बसलेला नाही. पण घेतलेली नोंद खोडायची मला सवय नाही, म्हणून हे लिहितो.

आम्ही बजाजनगरला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि तिचा कॉम्प्युटर इथंच राहिला. तिच्या खोलीत जाऊन नुसतं बसण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून मी तो सुरू केला. त्यात एक गेम होता – पाच विरुद्ध पाच, बंदुकीचा. एक बाजू बॉम्ब लावते, दुसरी अडवते. आधी तेरा फेऱ्या जिंकेल त्याचा सामना. कारखान्यातले चौघं तो आधीपासून खेळत होते, पाचवा मी झालो. प्रेस शॉपमध्ये मशीनवर डाय म्हणजे साचे बसवणारे सेटर शकीलभाई आमचे कॅप्टन. त्यांच्याच प्रेसवरचा ऑपरेटर भारत, जो फुलंब्रीहून रोज ये-जा करतो. स्टोअरची योगिता आणि तिचा नवरा. मी एकावन्न वर्षांचा, बाकी सगळे चाळिशीच्या आत.

दोन वर्षं आम्ही साधे सामने खेळलो. हरलो तरी काही जात नाही, असे. त्या नकाशातल्या जागांना इंग्रजी नावं आहेत, ती आम्हाला कुणालाच आवडली नाहीत. म्हणून आम्ही आमच्या शॉपची, म्हणजे कारखान्यातल्या जागांची नावं दिली. मोठं दार म्हणजे मेन गेट. जिथं सारखा धूर असतो तो कोपरा जुनं कँटीन, कारण आमच्या जुन्या कँटीनची चिमणीही तशीच होती, आता ते पाडून पार्किंग केलंय. आणि एका खोलीला पहिल्याच दिवशी शकीलभाईंनी चुकून गेज रूम म्हटलं. आमची खरी गेज रूम, म्हणजे मापाची उपकरणं ठेवायची खोली, मेन गेटच्या डावीकडं आहे, ही उजवीकडं. मी तेव्हाच चूक दाखवली होती. कुणी ऐकलं नाही, नाव तेच राहिलं. ही नावं जगात आम्ही पाच जण सोडून कुणाला माहीत नाहीत.

मी खेळताना मोजतो. कुठून कुठं किती सेकंद, बॉम्बला किती उरले. त्यावरून शकीलभाई मला डिवचायचे – "जाधवसाहेब, नग मोजू नका, फिरा!" आणि मी फिरेपर्यंत मागून कुणीतरी मला मारलेलं असायचं. मग सगळे हसायचे, मीही हसायचो. घरात दोघंच उरल्यावर असं हसणं किती कमी होतं, ते ज्यांची मुलं बाहेर गेलीत त्यांना सांगायला नको.

मग टीमनं रँकचे सामने खेळायचं ठरवलं. तिथं प्रत्येक हार नावावर चढते. कँटीनमध्ये शकीलभाईंनी सरळ विषय काढला.

"साहेब, राग नका मानू. रँकमध्ये लई मारामारी असती. तुम्ही आपले साधे सामने खेळा ना."

"म्हणजे मला काढताय."

"काढत नाय हो. आराम देतोय."

"आराम मी रिटायर झाल्यावर घेईन. सुरुवातीला दहा सामने खेळून रँक ठरते ना? मी एकटा खेळतो, अनोळखी लोकांबरोबर. दहापैकी पाच जिंकले तर टीममध्ये. चार झाले तर मीच उठून जाईन."

योगिता म्हणाली, "सर, लिहून घ्या हं त्यांच्याकडून." मी लिहून घेतलं. शकीलभाईंनी सही केली.

त्या आठवड्यात माझी दुसरी पाळी होती, म्हणजे सकाळ मोकळी. चार दिवसांत नऊ सामने झाले. चार जिंकलो, पाच हरलो. दहावा शुक्रवारी सकाळी अकरा चाळीसला सुरू झाला. लख्ख ऊन होतं. बायको मागं स्वयंपाकघरात मेथी निवडत होती.

"पन्नाशी उलटली, आधी चष्म्याचा नंबर बदला," ती म्हणाली.

"नंबर बरोबर आहे. मागच्याच महिन्यात तपासलाय," म्हणून मी हेडफोन लावले.

माझ्या बाजूचे चौघं अनोळखी. एक इंग्रजी बोलत होता, एक दक्षिणेकडची कुठलीतरी भाषा, दोघं मुकेच. सामना बारा-बारावर आला. शेवटची फेरी. बॉम्ब आम्ही लावलेला, माझे चौघंही मेलेले, समोरचे दोघं जिवंत. मी पेटीआड बसून मेन गेटकडं बंदूक रोखली होती. गेज रूम माझ्या पाठीशी. बावीस सेकंद उरले होते. एकवीस. वीस...

"जाधवसाहेब, नग मोजू नका, फिरा! गेज रूम. दुसरा जुन्या कँटीनात."

मी फिरलो. दारात माणूस. पाडला. कँटीनच्या धुरात न बघताच गोळ्या झाडल्या, दुसराही पडला. सामना जिंकला.

कोण बोलतंय ते पडद्यावर कळतं, बोलणाऱ्याच्या नावाशेजारी खूण लागते. फिरता फिरता मी तिकडं नजर टाकली होती, कारण ती मी टाकतोच. एकाही नावाशेजारी खूण नव्हती.

हेडफोन काढले तर बायको दारात उभी. "शकीलभाई घरी बसून खेळतात का आता? ड्युटी नाही त्यांना?"

"का?"

"तुम्हीच ओरडलात ना – फिरलो, शकीलभाई, फिरलो!"

मला वेगळाच राग आला. मला वाटलं, या माणसानं ड्युटीवरून, मोबाइलनं कसंतरी दुसऱ्या नावानं सामन्यात घुसून मला जिंकवलं. दया म्हणून! तीन वाजता माझी पाळी सुरू होते. मी अडीचलाच जाऊन प्रेस शॉपमध्ये उभा राहिलो.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं मदत करायला?"

"कसली मदत?"

मी सांगितलं. शकीलभाई आधी हसले, मग हसायचे थांबले.

"साहेब, अल्ला कसम, मी सकाळपासून इथंच हाय. मोबाइल गेटवर. तुम्हीच जाऊन बघा."

मी गेलो. आमच्याकडं शॉपमध्ये मोबाइल नेता येत नाही. गेटवर जमा करायचा, टोकन घ्यायचं. वॉचमननं रजिस्टर दाखवलं. शकीलभाईंचा मोबाइल सहा बावन्नला जमा, आणि तो अजून खणात होता. मी हात लावून पाहिला.

परत आलो तर भारत म्हणाला, "सर, बारा-सव्वाबाराला ना? तवा हे प्रेसखाली आडवे होते. डाय बदलत होतो आम्ही. ह्यांच्या तोंडात टॉर्च होता. मी तीनदा पाना कुठला देऊ विचारलं, नुसतं हूं हूं करत होते."

आता कुणी म्हणेल, भास. मीही आधी तेच धरून चाललो. पण सामन्याचं रेकॉर्डिंग राहतं, बोलणं सोडून, आणि त्यात दोन्ही बाजूंचे सगळे दिसतात. मी ते चौदा वेळा पाहिलं. मी फिरायला लागतो तेव्हा गेज रूममधला माणूस अजून दाराआड आहे, भिंतीला टेकून स्थिर उभा; दारात तो त्यानंतर येतो. पावलाचा आवाज यायला पाऊलच हललेलं नाही. माझ्या मेलेल्या साथीदारांना मला दिसतं तेवढंच दिसतं, आणि माझं तोंड मेन गेटकडं होतं. म्हणजे शकीलभाई सामन्यात असते तरी त्यांना हे सांगता आलं नसतं.

शकीलभाई म्हणाले, "मी नव्हतो, तर मग जिंकलं कोण? तुम्हीच. पाच झाले. बसा टीममध्ये."

"नाही. हा सामना होल्ड."

तपासणीत शंका असलेला नग आम्ही पासही करत नाही, रिजेक्टही करत नाही. त्याला पिवळी चिठ्ठी लावून बाजूला ठेवतो. मी सामन्यांच्या नोंदवहीत दहाव्या ओळीवर पिवळी चिठ्ठी डकवली आणि अकरावा सामना खेळायचं ठरवलं. रविवारी, त्याच वेळी, शकीलभाईंना शेजारी बसवून.

ते आले. बायकोनं पोहे केले. मी त्यांना मोबाइल बंद करून टेबलावर ठेवायला लावला. "एक शब्द बोलायचा नाही," मी सांगितलं.

"साहेब, श्वास घेऊ का?"

"नाकानं घ्या."

पूर्ण सामन्यात कसलाही आवाज आला नाही. तो यावा असं एका क्षणी मला वाटलं होतं, हे मान्य करतो. बारा-नऊ असताना मी पुन्हा पेटीआड होतो, पुन्हा सेकंद मोजत होतो. आणि मोजणं सोडून मी आपला आपण फिरलो. गेज रूमच्या दारात माणूस होता. तेरा-नऊ. हा विजय माझा. त्यावर कुणाचीही चिठ्ठी लागू शकत नाही.

शकीलभाईंच्या हातातली पोह्यांची बशी तशीच होती. घास घेतलेला नव्हता.

"तुम्ही फिरलात ना, तवा माझ्या तोंडात तेच वाक्य आलं होतं," ते म्हणाले. "दात आवळून धरलं मी."

आज मी टीममध्ये आहे. रँक फार मोठी नाही, खालून तिसरी, पण मोजून घेतलेली आहे. शकीलभाई सगळं बोलतात, शिव्याही घालतात. फक्त ते एक वाक्य त्यांनी मला पुन्हा म्हटलेलं नाही. मी एकदा विचारलं.

म्हणाले, "ते कुणीतरी वापरलंय, साहेब. उष्टं झालं ते."

ज्यांना हे भूत वाटतं त्यांनी सांगावं, जिवंत माणसाचं भूत कसं असतं. ज्यांना भास वाटतो त्यांनी सांगावं, माझ्या भासाला भिंतीपलीकडचं कसं दिसलं. मला दोन्हींचं उत्तर येत नाही, आणि येत नसताना येतं म्हणणार नाही. घरचे म्हणतात, सोडा आता, टाका काढून. दहाव्या ओळीवरची चिठ्ठी मी काढलेली नाही.