फुटलेले पत्रे

समोरच्या घरातल्या बाई आमच्या जाफराबादेत नगरपंचायतीचं सफाईचं काम बघतात. आवाज खणखणीत, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय. वादळात बाजारातल्या शेडचे सिमेंटचे पत्रे फुटले, तेव्हा बाई आपल्या सफाई कामगारांना सांगत होत्या, "आधी पाणी मारा, मंग उचला. पाणी मारा आधी! याची धूळ छातीत बसती."

लोक मात्र धड राहिलेले पत्रे घरी नेऊ लागले. त्यांत बाईंचे सासरेही निघाले.

"मामा, ठेवा तो खाली."

"अगं, कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकतो."

"बिलकुल न्हाई. तडकला की त्याचीबी तीच धूळ. घरची ताडपत्री घ्या."

म्हातारा पत्रा ठेवून तरातरा निघून गेला. मग बाकीचेही हातातले पत्रे खाली ठेवून परत फिरले. बाईंनी त्या पत्र्यावर पाइप धरला, पण बराच वेळ कुणाकडे बघितलं नाही.