काकांचा गुडघा

आमच्या इस्लामपूरच्या गल्लीतले एक रिटायर्ड फौजी काका दर मे महिन्यात सगळ्यांना जंगलातल्या डोंगरावर नेतात. ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात कांदा लागतोच. पायथ्याला ते स्वतः खिसे चाचपतात. वाटेत कुणी टेकलं की ओरडतात, "उठ रं गड्या, लग्नाला आलायस व्हय?"

यंदा निम्म्या चढावर आईला धाप लागली. "तुमी जावा, मी बसते हितंच," ती ओशाळून म्हणाली.

काकांनी तिथंच बसकण मारली. "आवं आक्का, माझाबी गुडघा धरलाय. थांबतो तुमच्यासंगं."

आम्ही माथ्यावर जाऊन परत उतरलो तेव्हा आईचा पदर करवंदांनी भरला होता. काका गुडघ्याला रुमाल बांधून बसले होते, सदरा घामानं चिंब.

"बिचाऱ्यांचा गुडघा लय दुखतोय, तरी हितंच मागनं करवंदं आणून दिली," आई हळूच म्हणाली.

करवंदाची जाळी अख्ख्या वाटेवर आम्हाला एकच दिसली होती, पार वरच्या कड्याला.