तेल संपेपर्यंत

भिवपुरीच्या वीजघरात मी नवा फिटर होतो. लढाईच्या काळात विमानं दुरुस्त करून आलेल्या आमच्या फोरमननी इंजिनाचं एक छोटं लाकडी विमान बनवलं होतं. कापणी झालेल्या भातशेतात त्यांनी त्याला जोडलेल्या दोन लांब तारांची मूठ माझ्या हाती दिली. विमान माझ्याभोवती घिरट्या घालणार, मी जागच्या जागी फिरत मूठ कलवून ते वर-खाली करायचं.

तिसऱ्याच फेरीला मला गरगरायला लागलं. तेवढ्यात शेताची मालकीण डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन सरळ माझ्याकडे चालत आली. तार लागली असती तर तिचा गळाच चिरला असता.

"बंद कसं करू?" मी ओरडलो.

"तेल संपेपर्यंत बंद होत नाही! वर घे! बाई, खाली बसा!"

ती भाऱ्यासकट मटकन बसली. विमान तिच्यावरून जाई तेव्हा दर फेरीला मी मूठ आणखी वर कलवी. अखेर इंजिन थांबलं. विमान धसकटात आपटलं, पंखा मोडला.

"झालं का रं?" बाईनं बसूनच विचारलं. "आता उठू का मी?"

मुठीवर आवळलेली माझी बोटं फोरमननी एकेक करून सोडवली.