खालच्या माळवदावरचा बर्फ

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी छिमे घर तापवायच्या लोखंडी शेगडीचं, तंदूरचं, धुराडं उतरवून अंगणात काजळी झाडत होती. दुपारपासून बर्फ सुरू होईल आणि दोन दिवस थांबणार नाही, असा इशारा आदल्या संध्याकाळी मोबाइलवर आला होता. नवरा नवांग तीन आठवड्यांपासून आईला घेऊन कुल्लूच्या इस्पितळात होता. घरात छिमे आणि दोन मुलं. नऊ वर्षांची देकिद नळावरून पाणी आणत होती. पाच वर्षांचा जिग्मे गोवऱ्या आत नेत होता, एका वेळी एक.

"अरे, दोन हात दिलेत ना देवाने?"

"एका हाताने दार धरतो, अमा."

लाकडं आत आली, सत्तूची पिशवी आली, गाईचा चारा तळमजल्यात उतरला. राहिलं होतं फावडं. छिमेच्या लाकडी फावड्याचा दांडा मोडला होता. मास्टरजींकडे एक होतं, आणि त्यांच्या घराची किल्ली तिच्याचकडे होती.

पल्जोर मास्टरजी निवृत्त शिक्षक. छिमेला चौथीत त्यांनीच शिकवलं. नोव्हेंबर लागला की ते बायकोसह कुल्लूला उतरतात आणि एप्रिलमध्ये परत येतात. अकरा हिवाळे किल्ली छिमेकडे राहिली आहे. किल्ली ज्याच्याकडे, माळवदावरचा बर्फ झाडणं त्याच्याकडे. हे या गावात कुणी कुणाला सांगत नाही.

घरं उतारावर आहेत. छिमेच्या माळवदाच्या कडेवरून पाहिलं की पुरुषभर खाली मास्टरजींचं माळवद. आपल्या माळवदावरचा बर्फ दुसऱ्या बाजूला, गल्लीत टाकायचा असतो. त्यासाठी भरलेलं फावडं घेऊन चौदा पावलं जावं लागतं. नवांग गेल्यावर पहिल्याच बर्फात छिमेने एक फावडं कडेवरून खाली ढकललं. मग दुसरं. पुढच्या बर्फात तिने गल्लीकडे पाहिलंही नाही. खालच्या माळवदावर त्याचा स्वतःचा बर्फ होताच; त्यावर हिचा बसत गेला. नवांग आला की दोन्ही एकदम काढू, असं तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं.

नऊ वाजता तिने मास्टरजींचं दार उघडलं. मुलं मागोमाग आली. देकिदने मोबाइलचा उजेड वर धरला. मधली तुळई खाली झुकली होती. तिला हातभर लांब चीर गेली होती. हिवाळ्यासाठी उपड्या घालून ठेवलेल्या पूजेच्या सात वाट्यांवर छताची माती सांडली होती.

"अमा, यांच्यावर एवढा बर्फ कसा? आपल्यावर तर नाही."

"पडला असेल."

"आपल्यावर नाही पडला?"

"अमाने ढकलला," जिग्मे म्हणाला. "मी बघितलं. धप्पकन आवाज येतो."

छिमेने कोपऱ्यातलं फावडं उचललं, मुलांना बाहेर काढलं आणि शिडी लावली.

खालचा थर दगडासारखा झाला होता. कुदळीने फोडायचा, मग उचलायचा. मुलं गल्लीत उभी राहून पत्र्याच्या तुकड्याने ढेकळं बाजूला ओढत होती. दहाच्या सुमारास म्हातारा आंगरूप तिथून चालला होता. त्याला गावातली सगळी मुलं आणि मुलांच्या आयाही मेमे, म्हणजे आजोबा, म्हणतात. पाठीवर वाळल्या फांद्यांचा भारा.

"काय गं, आज मुहूर्त लागला?"

छिमे खाली बघून खोदत राहिली.

"मला वाटलं, मास्टरजींनी वरचा मजला काढलाय. रोज थोडा थोडा चढतोय."

"बघत होतात, तर बोलला का नाहीत, मेमे?"

"किल्ली कुठे होती माझ्याकडे?"

एवढं बोलून त्याने भारा उतरवला. आत जाऊन तुळई पाहिली, जीभ टाळ्याला लावून च्यक केलं आणि घरून सफेद्याच्या झाडाचा जाड खांब ओढत आणला. साडेबाराला माळवद मोकळं झालं. आंगरूप टेकूखाली पाचर ठोकत होता, तेवढ्यात मास्टरजींचा फोन आला. हातमोजे ओले, म्हणून छिमेने स्पीकर लावला.

"छिमे, बातम्यांत बघितलं. जोराचं येतंय म्हणे."

"हो, मास्टरजी."

"आमची ही मघापासून काळजी करत होती. म्हटलं, छिमे आहे ना तिथे, झोप निवांत."

ठोकणं थांबलं. देकिद शेजारी उभी होती. माळवद आता खरंच साफ होतं, टेकू खरंच बसला होता. तुळई चाळीस वर्षांची. एप्रिलमध्ये चीर दिसली असती तरी कुणी काही विचारलं नसतं.

"मास्टरजी, मधल्या तुळईला चीर गेलीय."

"जाणारच. जुनी झाली. मी म्हणतच होतो—"

"जुनी म्हणून नाही. मी आमचा बर्फ तुमच्यावर टाकत होते. तीन आठवडे. तुमचाही काढला नाही."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"टेकू दिला?"

"आत्ताच. मेमे आहेत इथे."

"नवांग घरी नाही. एकटीला दोन माळवदं झेपली नसतील."

"झेपली असती. मी गल्लीपर्यंत जायचा कंटाळा केला."

मेमेने देकिदला हातोडी धरायला दिली आणि तिला उगाच दाराकडे नेलं. ती मान वळवून आईकडे बघत राहिली.

"अकरा वर्षांत मी कधी विचारलं, झाडलंस का म्हणून?"

"नाही, मास्टरजी."

"आता रोज सकाळी नऊला माळवदाचा फोटो पाठव. चारही कडा दिसल्या पाहिजेत."

आवाज चढलेला नव्हता. चौथीत गृहपाठाची वही परत करताना असायचा, तसाच होता.

"पाठवते."

"मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नकोस," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आंगरूपने भारा पाठीवर घेतला. छिमेने चहाला थांबायला सांगितलं. बर्फाआधी घर गाठायचंय, असं म्हणून तो निघाला. एक वाजून चाळीस मिनिटांनी बर्फ सुरू झाला. पाण्याची दोन भांडी अजून रिकामी होती, धुराडं अंगणात पडलं होतं. ते बसवून तंदूर पेटेपर्यंत तीन वाजले. तोवर मुलं गोधडीत बसून कोरडं सत्तू खात होती.

"मास्टरजी रागावले?" देकिदने विचारलं.

"हो."

"मग ओरडले का नाहीत?"

छिमेने तिच्या हातातून मोबाइल घेतला. मास्टरजींचं माळवद झाडायला दीड तास लागतो. फोटो नऊला जायचा आहे. तिने उद्याचा गजर पावणेसातचा लावला.