आपल्यात असं नसतं

ताई, मी निघालो तो दिवस तुला आठवत असेल. बडोदे स्टेशन, मुंबईची गाडी आणि पुढे कॅनडाचं विमान. आईनं निघताना हातावर दही घातलं होतं, तो हात अजून चिकट होता. शेजारच्या डब्यापाशी एक गुजराती कुटुंब एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होतं. मलाही भरून आलं आणि मी नानांपुढे दोन्ही हात केले. त्यांनी त्यात पाण्याची बाटली ठेवली. "आपल्यात असं नसतं," म्हणाले. मी वाकून पाया पडलो आणि गाडीत चढलो.

राग नाही आला. लोक परदेशी जाताना लोणच्याची बरणी नेतात, मी घरची ही रीत नेली. ऑफिसात कुणी मिठी मारायला आलं की मी आधीच शेकहँडचा हात पुढे करायचो. सई शाळेतून धावत यायची, तिला डोक्यावर टपली मिळायची. एकदा तिनं विचारलं, "बाबा, मी तुम्हाला आवडत नाही का?" मी नानांचंच वाक्य तिला ऐकवलं, तेही अभिमानानं.

आई गेली तेव्हा मी आलो होतो. तू, नाना आणि मी, तिघं तीन भिंतींना टेकून बसलो होतो. मला तेव्हाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि या खेपेला सुट्टीत आलो तेव्हा नाना मला एका सकाळी सुभानपुऱ्याच्या बागेत घेऊन गेले. तिथे म्हाताऱ्यांचा घोळका. गोरव्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले कांतिभाई "जय श्री कृष्ण" म्हणत पुढे आले आणि नाना त्यांच्या मिठीत शिरले. डोळे मिटून, सावकाश. मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. मी चपला घालून घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा कडेला उभा.

"तुझी आई गेल्यावर झोपच उडाली होती रे," नाना मला सांगू लागले. "प्रेशर उतरेना. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या आणि माणसंही जवळ घ्या. खरंच, कुणी जवळ घेतलं की जीव भांड्यात पडतो."

"मफतनी दवा छे, भाई," कांतिभाई हसले. "हवे दीकरानो वारो."

फुकटचं औषध, आणि आता मुलाची पाळी. नानांनी हात पसरले. पण माझं अंग तोवर सवयीनं वाकलं होतं, हात त्यांच्या पायांवर होते. त्यांनी पाठीवर थोपटलं. सगळे हसले, मीही हसलो.

घरी आलो तर नानांनी आत शिरताच तुला जवळ घेतलं. टोपी खुंटीला अडकवावी इतकं सहज. तुझे हात कणकेचे, तू कोपरांनीच त्यांना धरलंस. ते मला फार लागलं, ताई. दर रविवारी तू फोनवर पादरा गावाहून येणाऱ्या भाजीचे भाव सांगतेस, कुणाचं लग्न ठरलं ते सांगतेस. घरचा नियम बदलला, हे तेवढं सांगायचं राहिलं? मी नानांना विचारलं तर म्हणाले, "अरे, ते जुनं झालं आता."

जुनं झालं. त्या जुन्यापायी मी माझ्या मुलीचं लहानपण लांबून पाहिलं. तुम्ही दोघांनी रीत सोडली आणि मला त्या रीतीजवळ एकट्याला ठेवून दिलं. आपल्याच माणसांनी असं फसवलं तर तक्रार कुणाकडे करायची?

परतलो तेव्हा एअरपोर्टवर सई घ्यायला आली होती. आता ती नोकरी करते, वेगळी राहते. मी बॅग खांद्याला लावली आणि तिच्यापुढे दोन्ही हात केले. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पुढे झाली आणि खांद्यावरची बॅग काढून घेतली. "दमला असाल, बाबा. चला," म्हणाली.

तू विचारतेस, घराची आठवण येते का. तुमच्या त्या बडोद्याच्या घरात मी आता पाहुणा आहे. माझं घर मला त्या दिवशी पार्किंगमध्ये दिसलं. बॅग घेऊन, मागे न बघता, माझ्यापुढे चालत होतं.