दिवस मावळल्यानंतरची शुगर

“हा लकवा नाही,” डॉक्टर म्हणाले. “आजींची शुगर अडतीस आहे.”

मी कॅज्युअल्टीच्या दारात उभी होते. त्या दिवशी मी मलकापूरहून आईला भेटायलाच निघाले होते. वाटेत एसटीतच वृद्धाश्रमातून फोन आला, की आई हाका मारल्या तरी उठेना, उजवा हात हलेना, तोंड वाकडं झालंय. सांगलीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तिला नुकतंच ॲम्ब्युलन्समधून उतरवलं होतं. आश्रमातली माणसं, ड्रायव्हर आणि मी, सगळे “लकवा, लकवा” करत होतो. डॉक्टरांनी मात्र आधी तिच्या बोटाला सुई टोचली.

सिस्टरनं शिरेतून साखरेचं पाणी सोडलं. त्याला डेक्स्ट्रोज म्हणतात. मी आईच्या तोंडाकडं बघत राहिले. थोड्या वेळानं वाकडा ओठ सरळ व्हायला लागला, बोटं हलली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. बोलली नाही, पण ओळखलं. मग मी परक्या माणसांसमोर भोकाड पसरून रडले. त्याची लाज तेव्हाही वाटली नाही.

आईला झालं होतं त्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात, म्हणजे रक्तातली साखर धोक्याइतकी खाली उतरणं. मेंदू साखरेवर चालतो. ती मिळाली नाही की माणूस बरळतो, घामाघूम होतो, बेशुद्ध पडतो. कधी कधी अगदी लकव्यासारखा एका बाजूनं लुळा पडतो. आपल्याकडं शुगर वाढली की घरभर बोंब होते. ती उतरूही शकते हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला आयसीयूत ठेवलं. मला वाटलं, साखर दिली, शुद्ध आली, सुटलो. कसलं काय! संध्याकाळी शुगर परत उतरली. डॉक्टर म्हणाले, “त्यांच्या शुगरच्या गोळीचा असर लांब राहतो. या वयात किडनी मंद असते, गोळी लवकर बाहेर पडत नाही.” सलाईन चालूच राहिलं. दर थोड्या वेळानं सुई. आईची बोटं चाळणीसारखी झाली.

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर माझा जीव टांगणीला लागला होता. आई जगेल असं डॉक्टर सांगत होते. पण ती पहिल्यासारखी बोलेल का, हे विचारलं की म्हणत, “बघू, मेंदूला वेळ द्या.” माझी आई म्हणजे सांगलीजवळच्या खेड्यातली शेतकरी जैन बाई. बोलणं कमी, पण जे बोलेल ते मोजकं आणि मीठ लावून. ते बोलणं गेलं असतं तर माझं काय राहिलं असतं?

आता तिच्या आश्रमाचं सांगते. आप्पा गेल्यावर आई गावी एकटी पडली. भाऊ बेंगळुरूला. माझं घर मलकापूरला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे गेलेले. मी शाळेचे गणवेश शिवते, दिवसभर खाली दुकानात. “तुझ्याकडं राहून मी काय भिंतीशी बोलू?” असं म्हणून तिनं स्वतःच सांगलीच्या अलीकडचा हा आश्रम पसंत केला. शेजारी बस्ती, म्हणजे आमचं जैन मंदिर. स्वच्छ खोल्या, जेवण बरं. आम्ही सांगितलं होतं, कांदा-लसूण-बटाटा नको. ते त्यांनी अगदी काटेकोर पाळलं. आईची तब्येत तिथं उलट सुधारली होती.

फक्त दिवाळीच्या आसपास ती फोनवर म्हणायला लागली, “सकाळी अंग गळून जातंय गं, गरगरतंय.” मी म्हणायची, थंडी पडलीय, गरम कपडे घाल. आश्रमात कामाला असलेल्या मुली म्हणायच्या, वय झालंय. पहिलं लक्षण ते होतं. तुमच्या घरचं म्हातारं माणूस शुगरची गोळी घेत असेल आणि सकाळी गळून जात असेल, तर वयाच्या नावानं ते खपवू नका.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एचबीएवनसी नावाची तपासणी केली. त्यात गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज येतो. रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, “आजी रात्री जेवतात ना? ही साखर बरेच दिवस उतरत असणार.”

आश्रमाचे व्यवस्थापक महादेवराव तिथंच होते. भला माणूस, पण मला त्या वेळी तो भला दिसत नव्हता. ते म्हणाले, “जेवतात की डॉक्टर. ताट रोज रिकामं येतं. धुऊन पुसून.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “ताटाला विचारून गोळ्या देता काय तुम्ही?” मी म्हटलं. “माझी आई उपाशी मरत होती आणि तुम्ही ताटं बघत बसलात!” शुगर मोजायचं मशीन, ग्लुकोमीटर, आश्रमात होतं की नाही, तेही विचारलं. होतं. ऑफिसच्या कपाटात, कुलपात, आणि त्या सकाळी किल्ली महादेवरावांच्या घरी! मग तर माझ्या तोंडाला ताळतंत्रच राहिलं नाही. गोळी जास्त दिली असणार, आईला आता तुमच्या दारात पाठवणार नाही, असं सगळं बोलले. वॉर्डातल्या मावशींनी मला हाताला धरून बाहेर नेलं.

त्याच तिरीमिरीत मी आईचं सामान आणायला आश्रमात गेले. आईच्या खोलीत ताराबाई म्हणून मेढ्याकडच्या बाई राहतात. दोन्ही मुलं फौजेत, दूर. मी ट्रंक भरत होते आणि तोंडानं आश्रमाचा उद्धार चालू होता. ताराबाई खाटेवर बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “आवं ताई, त्या पोरींना कशापायी बोलताय? ते ताट मीच खात हुते की.”

मी वळून बघितलं.

“व्हय. तुमच्या आई म्हणायच्या, ताराबाई, मला नगं, तुमी घ्या. मला वाटलं, रातचं पचत नसंल. आन् वाढल्यालं अन्न टाकायचं कसं? मग त्या ताट धुऊन ठिवायच्या. बघा की, माझी झंपरं सुदिक बसंनात आता.”

रडावं की हसावं कळेना. दोन माणसांचं जेवण एक बाई जेवत होती, आणि दोघींनी अळीमिळी गुपचिळी केली होती!

आईला बोलता यायला लागलं ते त्यानंतर. आधी एकेक शब्द, मग अडखळत वाक्य. मी विचारलं, “का जेवत नव्हतीस?”

“नियम घेतलाय,” आई म्हणाली.

घोडं इथं पेंड खात होतं. चातुर्मासात शेजारच्या बस्तीत आमचे मुनी महाराज मुक्कामाला होते. आईनं त्यांच्याकडून नियम घेतला, की दिवस मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आम्हाला सांगितलं नाही, आश्रमात सांगितलं नाही. तेव्हा पाऊसकाळ, दिवस उशिरा मावळायचा. आश्रमाचं जेवण ठरल्या वेळी यायचं तेव्हा बाहेर उजेड असायचा, आई जेवायची, सगळं सुरळीत. पुढं दिवस लहान झाला. घड्याळ तिथंच राहिलं, पण ताट यायचं ते दिवा लागल्यावर. आणि गोळ्या मात्र आश्रमात सगळ्यांना संध्याकाळच्या चहाबरोबर एकाच फेरीत वाटून टाकायचे. म्हणजे आईच्या पोटात गोळी उजेडात गेलेली आणि जेवण दुसऱ्या दिवशीच.

“मग सांगायचं होतंस की!” मी ओरडलेच.

“कुणाला सांगू? येवढ्या माणसांचा सैपाक करून त्या पोरी दमत्यात. माझ्या एकटीसाठी येगळी चूल पेटवायची व्हय?”

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. माझी आई आयुष्यभर दुसऱ्यांना पाजत आली, स्वतः रडायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नाही. राग आला, आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी उठून खिडकीपाशी गेले.

डॉक्टरांना हे सांगितलं. वाटलं, ते चिडतील. ते खुर्ची ओढून आईजवळ बसले. “आजी, नियम मोडा असं मी म्हणणार नाही. उजेडात जेवा. गोळी मी बदलतो, ती जेवणाबरोबरच घ्यायची. पण कधी घाम फुटला, हात थरथरले, गरगरलं, तर लगेच साखरेचं पाणी प्यायचं. तेव्हा दिवस आहे की रात्र, हे बघायचं नाही. एवढं कबूल करा, मग सोडतो.”

आईनं मान हलवली. नाही म्हणून.

“एकदा शब्द दिला तो दिला,” ती म्हणाली. “मराण आलं तर येऊ दे.”

झालं! हात-पाय सुधारले, बोलणं आलं, आणि आता ही बाई साखरेच्या चमच्यावर जीव द्यायला तयार. मी विनवण्या केल्या, आप्पांची शपथ घातली, भावानं फोनवरून समजावलं. ढिम्म. भाऊ म्हणाला, तिला बेंगळुरूला नेतो आणि लक्ष ठेवतो. पण झोपेतही कोण लक्ष ठेवणार? शुगर उतरल्याचं तिनं स्वतः सांगितलं नाही, तर बेंगळुरू काय आणि सांगली काय.

वाट काढली महादेवरावांनी. माझे इतके बोल खाऊनही तो माणूस रोज दवाखान्यात येत होता. म्हणाले, “ज्यांनी नियम दिला त्यांनाच विचारू या.”

चातुर्मास संपलेला, महाराजांनी विहार केलेला, म्हणजे पायी पुढच्या गावांना निघालेले. ते फोनला हात लावत नाहीत. महादेवरावांनी बस्तीत चौकशी केली, आणि त्यांच्या जुन्या गाडीतून आम्ही कर्नाटकच्या हद्दीकडच्या एका गावी गेलो. वाटेत तेच म्हणाले, “ताई, किल्लीचं तुम्ही बोललात ते बरोबर होतं.” मी म्हटलं, “बाकीचं जास्त झालं.” पुढं मग आम्ही उसाच्या भावावर बोलत गेलो.

महाराजांनी सगळं ऐकून घेतलं. विचारलं, “भुकेसाठी की औषधासाठी?” औषधासाठी, म्हटल्यावर म्हणाले, “त्यांना सांगा, नियम देताना आजाराचं मला ठाऊक नव्हतं. साखरेचं पाणी त्यांचं औषध आहे. त्याला मोकळीक दिली. जेवणाचा नियम पाळावा.”

परत येऊन मी आईला सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. महादेवरावांना म्हणाली, “हिचं सोडा, ही माझ्यासाठी खोटं बोलंल. तुमी सांगा. खरंच म्हणाले?”

“देवाशपथ, आई.”

“मग हाय कबूल,” आई म्हणाली. पोटच्या पोरीवर नाही, पण त्या माणसावर तिचा विश्वास बसला! मी भरलेली ट्रंक परत आश्रमात नेऊन ठेवली.

आश्रमात पुष्कळ बदललं. जेवण उजेडात हवं असेल त्याला उजेडात मिळतं. एकटी आई असेल वाटलं होतं, पण पचायला बरं म्हणून निम्म्याहून जास्त माणसं त्या पंगतीला बसतात, ताराबाई पहिल्या. चहाबरोबरची गोळ्यांची फेरी बंद. शुगरची गोळी ताटाजवळच मिळते आणि दोन घास पोटात जाईपर्यंत एक मुलगी समोर बसते. ग्लुकोमीटर उघड्या फळीवर आला. आईच्या उशाशी साखरेची बरणी आली. माणूस शुद्धीवर असेल तरच साखरेचं पाणी पाजायचं, बेशुद्धाच्या तोंडात काही घालायचं नाही, ते श्वासनळीत जातं, हे डॉक्टरांनी येऊन सगळ्यांना समजावलं.

तुमचं कुणी अशा ठिकाणी असेल तर खोली, फरशी, संडास बघाच. पण आणखी विचारा, की हे जेवले हे तुम्हाला कसं कळतं? गोळी कधी देता आणि ताट कधी? आणि आपल्या माणसालाही विचारत राहा, कारण आश्रमात गेल्यावरही माणूस बदलतं, नवा नियम घेतं, नवी मैत्रीण करतं. त्या डॉक्टरांचे, सिस्टरांचे आणि ज्यांच्यावर मी तोंडसुख घेतलं त्या महादेवरावांचे उपकार मी विसरणार नाही.

तरी माझ्या मनात धाकधूक होतीच. आईनं कबूल केलं होतं, पण वेळ आल्यावर ती कुणाला हाक मारेल का?

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी मी दुकानात कापड बेतत होते. आईचा फोन आला. ती स्वतःहून कधी फोन करत नाही. मी कात्री खाली ठेवली.

“काय झालं गं?”

“काय न्हाई. रात्री घाम फुटला, हात थरथराय लागले. मी ताराबाईला हाक मारली.”

“उठली का ती?”

“लय घोरती बाई. तीनदा वरडले तवा उठली. साखरपाणी दिलं, इतकं गोड की घशाखाली उतरंना. मग पोरगी आली, सुई टोचली. महादेवरावबी आले. शेजारच्या खोलीतल्याबी उठून आल्या.”

“आणि आता?”

“आता बरी हाय. सगळ्यांची झोप मोडली गं माझ्यापायी.”

मी काही म्हणणार, तेवढ्यात आई हसली.

“पर कुणी काय म्हणलं न्हाई.”